समुद्रावर सनबेड आणि छत्री भाड्यानं घेताना : पहिल्यांदाच निघालेल्या विदर्भकरांसाठी

दारव्हा असो, आर्वी असो, मूर्तिजापूर नाहीतर तुमसर, आपल्या गावाहून समुद्र गाठायचा म्हणजे एक रात्र तर जातेच, वर दुसरा दिवसही बहुतेक गाडीतच जातो. तरी आता लोक निघतात. कोणाचा पोरगा पुण्यात लागला, कोणाचं सोयाबीन बऱ्या भावात गेलं, कोणाच्या बचत गटाची सहल ठरली. तिथं पोचल्यावर वाळूत ओळीनं मांडलेल्या लांबट खाटा, म्हणजेच सनबेड, दिसतात, प्रत्येक जोडीवर एक रंगीत छत्री. आणि आपली माणसं चपला हातात घेऊन उन्हात उभी राहतात. बसायचं की नाही? पैसे कोणाला द्यायचे? कोणी उठवलं तर? मग कोणी न विचारताच टेकतो आणि निघताना बिलावरून वाजतं. कोणी लाजेपायी दोन तास तापलेल्या वाळूत काढून, डोकं धरून खोलीवर परततो. हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही.

आधी व्यवहार समजून घ्या. आपण बिछायत केंद्रातून गाद्या, सतरंज्या, खुर्च्या आणतो तेव्हा नग मोजतो, चिठ्ठी करतो, फाटलं-हरवलं तर भरून देतो. समुद्रावर चिठ्ठी नसते, सगळं तोंडी असतं. शिवाय तिथं नुसती खाट भाड्यानं मिळते असंही नाही. पैसे सावलीचे असतात, जागेचे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी खाण्यापिण्याचे असतात, खाट नावापुरती. म्हणून एकच गोष्ट पक्की धरा : बोलणं टेकायच्या आधी. एकदा पाय पसरले की भाव त्याचा.

पहिली पायरी : जिथं जाताय तिथं काय मिळतं ते पाहा

सगळ्या किनाऱ्यांवर सनबेड नसतात. फोटोत दिसतात तशा, पाठ वर-खाली होणाऱ्या खाटा प्रामुख्यानं गोव्यात. कळंगुट, कांदोळी, बागा, मोरजी, मांद्रे हे उत्तरेकडे. कोलवा, बाणावली, पाळोळे, आगोंद हे दक्षिणेकडे. तिथं वाळूवर बांबू आणि झावळ्यांची तात्पुरती उपाहारगृहं उभी राहतात, त्यांना शॅक म्हणतात. शॅक कोणी कुठं घालायचा हे गोव्याचं पर्यटन खातं सोडत काढून ठरवतं. पावसाळ्याआधी सगळं उतरवून न्यावं लागतं. शॅकपुढच्या खाटा त्या शॅकच्या. सरकारी नाहीत, आणि फुकटच्याही नाहीत.

कोकणात चित्र वेगळं. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर, गुहागर या भागात सुरूची बनं किनाऱ्याला लागूनच आहेत. छत्री लागतेच असं नाही, झाडाची सावली असते. भाड्यानं मिळाली तर प्लास्टिकची खुर्ची, कुठं झोपाळा, कुठं दोन झाडांना बांधलेली जाळीची झोळी. बहुतेकदा नारळपाणी किंवा मॅगी विकणाऱ्या टपरीवाल्याच्याच त्या खुर्च्या असतात. त्याच्याकडे काही घेतलं की तो बसू देतो. गोव्यातल्या खाटा मनात धरून गुहागरला जाल तर हिरमोड होईल. पण म्हातारी माणसं सोबत असतील तर मला सुरूची सावली छत्रीपेक्षा कधीही बरी वाटते. ती सरकवावी लागत नाही, वाऱ्यानं उडत नाही आणि तिचे पैसेही नाहीत.

तिसरं ठिकाण जगन्नाथपुरी. आपल्याकडची कितीतरी माणसं समुद्र पहिल्यांदा पाहतात तो पुरीचाच, तीर्थयात्रेच्या निमित्तानं. अहमदाबाद-पुरी गाडी अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदियावरूनच जाते. पुरीला स्वर्गद्वाराच्या बाजूला वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, तासाच्या हिशेबानं. तिथलाच गोल्डन बीच हा ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेला किनारा, २०२० साली देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं त्यांतला एक. तिथं आत जायला तिकीट लागतं, पण स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा आणि बसायची सोय नीट आहे. घरच्या बायाबापड्यांना ओल्या लुगड्यानं लॉजपर्यंत चालत जायचं नसेल, तर त्या तिकिटाचे पैसे सार्थकी लागतात.

दुसरी पायरी : दिवस निवडा

दिवाळीनंतर सोयाबीन निघालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, पण कापूस वेचणीला आलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत शेत मोकळं असतं, तर लग्नसराई असते आणि समुद्रावर भर दुपारी वाळूत पाय ठेववत नाही. तरी जमवायचंच असेल तर संक्रांत झाल्यावर, तुरीचं आटोपलं आणि हरभरा काढणीला यायचा आहे, त्या मधल्या दिवसांत जमवा. हवा बरी असते, नाताळ-नववर्षाची गर्दी उतरलेली असते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचे पहिले दोन-चार दिवस टाळाच. तीच खाट, तीच छत्री, पण भाव भलताच, आणि घासाघीस करायला गेलात तर शॅकवरचा पोरगा ऐकून घ्यायलाही थांबत नाही. मी इथं भावाचे आकडे मुद्दाम देत नाही. किनारा, महिना, वार आणि घड्याळातली वेळ, चौघांवर भाव बदलतो. शनिवार-रविवार सोडून गेलात तर उजवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाटाही नसतात आणि समुद्रात उतरायचंही नसतं. त्या दिवसांत समुद्र लांबून पाहायचा.

तिसरी पायरी : भिंतीवरचं कॅलेंडर काढा

ही पायरी आपल्या लोकांना सोपी जाते, कारण तिथी पाहायची सवय घराघरात आहे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर. दुपारी खाट टाकून बसलात आणि पाणी चढायला लागलं की सगळं मागं सरकवावं लागतं. उलट ओहोटीच्या वेळी अलिबागसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी इतकं मागं जातं, की भिजायला जायचं म्हणजे चिखलट वाळूतून पायपीट. कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात ते याच ओहोटीत.

कोकणातल्या लोकांचा हिशेब साधा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता, साधारणपणे, भरती पूर्ण. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा : सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, भर दुपारी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अमावास्याही पंधराच धरायची. त्या दोन दिवसांच्या आगेमागे भरतीही मोठी असते, तिला उधाण म्हणतात. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूचा. गोव्याकडे भरती थोडी आधी येते आणि पाणी तितकं चढत-उतरतही नाही. पुरीला तो लावूच नका, तो समुद्र वेगळा. आणि कुठंही असलात तरी शेवटचा शब्द तिथल्या कोळ्याचा किंवा जीवरक्षकाचा.

वाळूत ओली-कोरडी अशी रेघ दिसते, शेवाळ आणि शिंपल्यांचा कचरा जिथं येऊन थांबलेला असतो तिथं. कालची भरती तिथवर आली होती. खाट त्या रेघेच्या वर हवी.

चौथी पायरी : खाट हातानं तपासा

लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. लाकडी खाटेला पाठीकडचा भाग उचलायला खाली एक आडवी काठी असते आणि चौकटीत खाचा असतात. पाठ जितकी उभी हवी त्या खाचेत काठी अडकवायची. ती नीट बसली नाही तर टेकताक्षणी पाठ धाडकन खाली जाते, आणि बोट मध्ये असेल तर चेंगरतं. म्हणून पाठ वर-खाली करायचं काम शॅकच्या पोराला करू द्या, स्वतः करायला जाऊ नका. लेकरांना तर त्या काठीला हातच लावू देऊ नका.

बसताना आधी मधोमध बसायचं, मग पाय वर घ्यायचे. पायाकडच्या टोकावर एकदम बसलं तर हलकी खाट समोरून खाली आणि डोक्याकडून वर होते. गादीचं कव्हर ओलं आहे का ते हात फिरवून पाहा. खाऱ्या पाण्याची ओल लवकर वाळत नाही, त्यावर तासभर पडून राहिलं तर अंग खाजतं. घरून आणलेली जुनी चादर किंवा पातळ सतरंजी वर टाकावी हे उत्तम.

आई, आजी, सासरे यांच्यासाठी सनबेड घेऊच नका. तो फार बुटका असतो. गुडघे धरलेल्या माणसाला बसणं जमतं पण उठताना दोघांना हात द्यावा लागतो. शॅकमधली साधी खुर्ची मागा, “आईला खाली बसता येत नाही” एवढं म्हटलं की बहुतेक जण देतात.

पाचवी पायरी : बोलणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आपण नेमके इथंच संकोचतो. गोव्याच्या शॅकमध्ये काम करणारी बरीच पोरं बाहेरगावची, कोणी नेपाळचं, कोणी झारखंड-ओडिशाचं. तेही घर सोडून हंगामापुरते आलेले. त्यांच्याशी हिंदीत बोलायचं, आणि हिंदी तर आपल्याला मराठीइतकीच सरावाची. नागपुरी वळणाची असली तरी चालते. ‘भाऊ’ म्हटलेलं सगळीकडे कळतं. कोकणात अर्थातच मराठी, टपरीवाल्याला काका नाहीतर दादा.

उभ्याउभ्याच विचारा :

“भाऊ, ये बेड का पैसा लगता, के खाने का ऑर्डर देना पडता?”

या एका प्रश्नावर अर्धं काम होतं. काही ठिकाणी तुम्ही शॅकमध्ये खाल्लं-प्यायलं की खाट फुकट. काही ठिकाणी ठरावीक रकमेची ऑर्डर झाली तरच फुकट, कमी झाली तर खाटेचे वेगळे. काही ठिकाणी दोन्ही लागतं. “खाके जाना सर, बेड का कुछ नहीं” असं तो म्हणाला तर थांबू नका; कितीचं खायचं ते विचारा. आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कानावर पडेल अशा आवाजात तो परत म्हणून दाखवा. भांडणं होतात ती याच जागी, आणि तेव्हा बोलणारा पोरगा जेवायला गेलेला असतो, समोर मालक असतो.

मग पुढचं. भाव एका खाटेचा की जोडीचा? छत्री त्यातच आली का? तासाचा की दिवसाचा? दिवसाचा असेल तर दिवस किती वाजता संपतो? हा शेवटचा प्रश्न विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. बऱ्याच शॅकमध्ये सूर्य कलला की खाटा उचलून त्याच वाळूत जेवणाची टेबलं लावतात. सूर्यास्त बघायला म्हणून थांबलेल्या माणसाला नेमकं तेव्हाच उठवतात. मुख्य आकर्षण सूर्यास्त असेल तर ते आधी सांगून ठेवा.

पाण्यात जाऊन आलो तर खाट राहील का हेही विचारा. राहते, पण वर टॉवेल किंवा चादर टाकून ठेवायची रीत आहे. रिकामी दिसली की पोरगा ती दुसऱ्याला देतो, आणि त्यात त्याची चूक नाही. अंघोळीचं गोडं पाणी आणि बाथरूम धरून आहे का, की त्याचे वेगळे, तेही लगे हात.

आपली सहल म्हणजे तवेरा नाहीतर ट्रॅव्हलर भरून. दहा-बारा माणसांना दहा-बारा खाटा घ्यायची गरज नाही. दोन खाटा, एक छत्री, म्हाताऱ्यांना दोन खुर्च्या, बाकीच्यांसाठी बाजूला आपली चटई, असं स्पष्ट सांगा आणि चटईला हरकत नाही ना ते विचारून घ्या. ऑर्डर चांगली होणार असेल तर कोणी नाही म्हणत नाही. न विचारता दोन खाटांवर आठ जण चढले की मात्र सगळ्यांचंच डोकं फिरतं.

घासाघीस करायची का? करा, पण बाजारात वांग्यासाठी करतो तशी नको. दोन-तीन ठिकाणी विचारून, जिथं बोलणं सरळ वाटलं तिथं बसावं. गर्दी नसलेल्या वारी, दुपारी तीननंतर भाव आपसूक उतरतो, कारण उरलेल्या तासांत खाट रिकामी ठेवून त्याला काही मिळत नाही. पैसे फोनवरून द्यायचे तर क्यूआर कोडवर नाव कोणाचं येतं ते मोठ्यानं विचारून खात्री करा. वाळूत फिरणारा कोणी “बेड का पैसा इधर दो” म्हणाला तर त्याला शॅकच्या गल्ल्यापाशी चल म्हणा. खरा असेल तर येतो. थोडे सुटे पैसे जवळ ठेवा, किनाऱ्यावर नेटवर्कचा भरवसा नाही.

सहावी पायरी : छत्री

छत्री वाऱ्यानं उलटते तेव्हा तिचा दांडा भाल्यासारखा सुटतो. ही थट्टेची गोष्ट नाही. दांडा वाळूत हातभर तरी खोल गेलेला हवा आणि बुडाशी ओली वाळू दाबलेली हवी. आपण सब्बलीनं खड्डे करून कुंपणाचे खांब रोवणारी माणसं, हलवून पाहिलं की कळतंच. हलत असेल तर पोराला बोलवा.

दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहायला लागतो. म्हणून छत्रीचा कल समुद्राकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला हवा. वारा छत्रीच्या पाठीवर बसला की ती खाली दाबली जाते. पोटात शिरला की उचलली जाते. कोकण-गोव्यात दुपारनंतर ऊनही समुद्राच्याच बाजूनं येतं, त्यामुळे एकाच कलानं वारा आणि ऊन दोन्ही सांभाळले जातात. पुरीला उलटं. तिथं सकाळचं ऊन समुद्रावरून, दुपारनंतरचं पाठीमागून. तिथं सकाळी लवकर बसून दहा-साडेदहाला उठणंच बरं.

सावली एका जागी राहत नाही. तासाभरात ती पायांवरून सरकून शेजारच्याच्या खाटेवर जाते. “भाऊ, छत्री जरा घुमा दो” म्हणायला लाजू नका. निघताना त्या पोराला वेगळे थोडे द्या, दिवसभर अनवाणी तापलेल्या वाळूत तोच धावत असतो.

सातवी पायरी : आपलं ऊन आणि तिथलं ऊन

इथं आपल्या माणसांची फसगत ठरलेली. चंद्रपूर-अकोल्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश सोसणाऱ्याला किनाऱ्यावरचे तेहतीस अंश म्हणजे काहीच वाटत नाही. पण आपलं ऊन कोरडं; घाम आला की वाळतो, अंग निवतं, म्हणून कूलरही चालतो. समुद्रावर हवा दमट, घाम वाळतच नाही, अंग आतून तापत राहतं आणि वारा लागत असल्यानं कळत नाही. डोकं जड होणं, मळमळणं, लघवी पिवळी होणं, ही लक्षणं तिथंही तीच. लिंबू, मीठ, साखर घरून न्या. खिशात कांदा ठेवणारे आमचे काही काकाजी आहेत, त्यांनी कांदाही न्यावा, पण पाणी पिणं सोडू नये.

छत्रीखाली बसलं म्हणजे ऊन लागत नाही हाही गैरसमज. कोरडी वाळू सूर्याची अतिनील किरणं सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परतवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ऊन खालून आणि बाजूनंही येतं. आपला पांढरा दुपट्टा इथं सगळ्यात कामाचा. डोकं, मान, कान गुंडाळून बसा, कोणी हसलं तर हसू द्या. अकरा ते चार या वेळात लेकरांना उघड्या अंगानं वाळूत सोडू नका.

खाणं आणि बिल

घरून आणलेल्या पोळ्या, ठेचा, चिवडा शॅकच्या खाटेवर उघडू नका. तिथं बाहेरचं खाणं चालत नाही आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. शिदोरी सुरूच्या झाडाखाली किंवा खोलीवर. स्टोव्ह आणि तांदळाचं पोतं घेऊन निघणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं : गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि उघड्यावर दारू पिणं २०१९ पासून कायद्यानं बंद आहे, दंड होतो.

मासे मागवताना मेन्यूवर भावाच्या जागी ‘आकारानुसार’ असं काही लिहिलेलं असेल तर मासा आधी पाहा, वजन विचारा, पूर्ण प्लेटचे किती होतील ते विचारा, मगच हो म्हणा. सुरमई-पापलेटचा भाव ऐकून गप्प बसायची वेळ तळल्यानंतर येऊ नये. माळकरी असाल तर हेही धरून चाला, की किनाऱ्यावरच्या बहुतेक स्वयंपाकघरांत कढई एकच असते. नारळपाणी, फळं आणि बाटलीबंद पाणी यांवर तासभर सहज निघतो.

बिल आलं की खाटेचं काय ठरलं होतं ते आधी पाहा. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. आवाज न चढवता “हे काढून द्या” म्हणायचं, बस.

सामान आणि पाण्यात उतरणं

पैसे, मोबाईल, मंगळसूत्र घेऊन कोणीतरी एक जण कायम खाटेवर. पाळी लावा. शॅकवाला “देखेगा मैं” म्हणतो, पण त्याच्या डोळ्यापुढं वीस खाटा असतात. बायकांनी समुद्रात उतरताना सोनं अंगावर ठेवूच नये. लाट बांगडी आणि कानातलं कधी काढून नेते ते कळतही नाही, आणि वाळूत ते परत सापडत नाही.

वैनगंगेत नाहीतर विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेला माणूस समुद्रातही पोहेल असं नाही. नदी एका दिशेनं ओढते, तिचा अंदाज असतो. समुद्रात काही जागी लाटा फुटलेल्या दिसत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, आणि आपल्याला वाटतं हीच जागा चांगली. नेमकं तिथूनच पाणी आत ओढून नेतं. ओढ लागली तर सरळ काठाकडे झुंजू नका, दमून जाल. काठाला समांतर हातपाय मारत बाजूला सरका, हात वर करून ओरडा. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. पुरीला टोपीवाले नुलिया असतात, शंकूसारखी पांढरी टोपी घातलेले तिथले कोळी. लाटा मोठ्या असतात, त्यांचा हात धरून दोन-चार बुडक्या मारायच्या आणि त्यांचे पैसे आधीच ठरवायचे. खाटेवर बसलेल्या माणसानं पाण्यातल्या लेकरांवरून नजर काढायची नाही; फोन बघायला घरी वेळ आहे.

खाट घ्यायचीच नसेल तर

काही सक्ती नाही. ज्या वाळूत खाटा मांडलेल्या आहेत ती वाळू काही शॅकवाल्याच्या मालकीची नसते. त्याच्या खाटांच्या ओळीपासून थोडं दूर, आपली चटई टाकून दिवसभर बसलात तरी तो पैसे मागू शकत नाही. मागितले तर शांतपणे नाही म्हणा. कोणी अंगावर आलाच तर जीवरक्षकाकडे किंवा पर्यटन पोलिसांकडे जा, नाहीतर ११२ लावा. एकट्या-दुकट्याला, तरुण पोरांना हेच परवडतं. पण चार तास काढायचे असतील, सोबत लेकरं आणि म्हातारे असतील, तर दोन खाटा आणि एका छत्रीचे पैसे वाचवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

चटईनं जायचं तर प्लास्टिकची न्या, कापडी सतरंजीत शिरलेली वाळू परतीच्या गाडीत सगळ्या डब्याला पुरते. चार कोपऱ्यांवर चपला नाहीतर वाळू भरलेल्या पिशव्या ठेवल्या की ती उडत नाही. साधी पावसाळी छत्री डोक्यावर धरायला ठीक, वाळूत खोचून ठेवायला नाही.

जाताजाता एक. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून परतताना पिशवीत बाटली टाकायचा मोह होतो. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणता येत नाही. आणि वर्धा, गडचिरोली हे तर दारूबंदीचे जिल्हे. वर्ध्याच्या फलाटावर पिशवी उघडायला लावली, तर खाटेवर घासाघीस करून वाचवलेल्या पैशांपेक्षा किती तरी जास्त जातील.